पॅकेटचा आकार आणि पॅकेटांची गळती : महाविद्यालयीन संगणक जाळ्यांतील एका दुर्लक्षित दोषाचे निदान

बीजसंज्ञा : पॅकेट, एमटीयू, एमएसएस, पीपीपीओई, मार्ग-एमटीयू शोध, कृष्णविवर

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रशासकीय व शैक्षणिक कामकाजाचा मोठा भाग आज संगणक जाळ्यावरून चालतो. २०१०-११ पासून सुरू झालेले अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, नॅकचा स्वयं-अध्ययन अहवाल, विद्यापीठाकडे पाठवावयाचे परीक्षा अर्ज आणि अंतर्गत गुण, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज या सर्वांना अंतिम तारीख असते आणि या सर्वांत कोठे ना कोठे छायाचित्र, प्रमाणपत्र किंवा पीडीएफ फाईल चढवावी लागते. नेमक्या याच टप्प्यावर अनेक ठिकाणी एक विचित्र अनुभव येतो. संकेतस्थळ उघडते, परवलीचा शब्द स्वीकारला जातो, नाव-पत्ता भरून होतो. परंतु फाईल चढवू लागताच पडद्यावरील चक्र फिरत राहते आणि काही मिनिटांनी संपर्क तुटल्याचा संदेश येतो. फाईल लहान केली तरी कधी जाते, कधी जात नाही. त्याच वेळी शेजारच्या संगणकावर यूट्यूब मात्र निर्वेध सुरू असते.

अशा वेळी 'लाईन स्लो आहे' हे निदान सर्वांत सोपे असते. मग मोडेम बंद करून सुरू केला जातो, अधिक वेगाची व अधिक भाड्याची योजना घेतली जाते आणि तरीही दोष कायम राहिला तर त्याचे खापर संगणक चालवणाऱ्या लिपिकावर किंवा 'अर्ज नीट भरता येत नाही' म्हणून विद्यार्थ्यावर फुटते. वास्तविक हा दोष पुष्कळदा वेगाचा नसून आकाराचा असतो. मार्गात कोठेतरी पॅकेटच्या आकारावर मर्यादा असते आणि तिची वार्ता पाठवणाऱ्या संगणकापर्यंत पोहोचत नाही. हा दोष काही आकड्यांच्या फेरबदलाने दूर होतो. मात्र पॅकेटचा आकार बदलणे हा प्रत्येक गळतीवरचा उपाय नव्हे; भलत्या जागी केल्यास तो खरा दोष झाकून टाकतो. प्रस्तुत लेखात या दोहोंमधील फरक कसा ओळखावा याचा विचार वर्धा जिल्ह्यासारख्या भागातील महाविद्यालयांची परिस्थिती समोर ठेवून केला आहे.

पॅकेट आणि एमटीयू

संगणक जाळ्यावरून फाईल अखंड जात नाही. तिचे तुकडे केले जातात व प्रत्येक तुकड्याला पत्ता, क्रमांक इत्यादी माहितीचा शीर्षभाग जोडून त्याचे पॅकेट बनवले जाते. आयपी या मूळ नियमावलीची आज प्रचलित असलेली चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजात नमूद आहे. तिचा शीर्षभाग सामान्यतः २० बाइटचा, आणि त्यावरील टीसीपीचा शीर्षभाग किमान २० बाइटचा असतो. एखाद्या जोडणीवरून एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या बाइटचे आयपी पॅकेट जाऊ शकते त्या मर्यादेला महत्तम प्रेषण एकक अथवा एमटीयू म्हणतात. प्रयोगशाळेतील संगणक ज्या इथरनेट पद्धतीने जोडलेले असतात तिची मर्यादा १५०० बाइट आहे. त्यातून शीर्षभागांचे ४० बाइट वजा केले की प्रत्यक्ष मजकुरासाठी १४६० बाइट उरतात. या संख्येला महत्तम खंड आकार अथवा एमएसएस असे म्हणतात. टीसीपीचा संपर्क प्रस्थापित होताना दोन्ही संगणक आपापली एमएसएस एकमेकांना कळवतात.

१५०० या संख्येत निसर्गनियम असा काही नाही. १९८० मध्ये इथरनेटचे विनिर्देश ठरले तेव्हाच्या स्मृतीच्या किमती आणि सामायिक तारेवर एकाच संगणकाने किती वेळ अडवून धरावा याचा अंदाज यांतून ती ठरली. तिने पुढील चार दशके अवघे जग व्यापले आणि इतर सर्व मर्यादा तिच्याशी जुळवून घेत बसल्या.

पुलगावचे उदाहरण

हा प्रश्न समजून घेण्यास वर्धा जिल्ह्यातच एक चपखल उदाहरण उपलब्ध आहे. पुलगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक. तेथून आर्वीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरचा एक फाटा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाकला गेला. मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा, तर हा फाटा ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे निम्म्याहूनही अरुंद होता. आज त्या फाट्यावर गाड्या धावत नाहीत. परंतु तो चालू असताना मुख्य मार्गावरील वाघीण आर्वीकडे नेणे शक्य नव्हते. माल पुलगावला उतरवावा आणि लहान डब्यांत पुन्हा भरावा लागे. आर्वी परिसरातील मालाचाही उलट दिशेने हाच प्रकार.

आता असे कल्पावे की कोलकात्याच्या व्यापाऱ्याने एक भली मोठी पेटी आर्वीसाठी पाठवली व तिच्यावर 'फोडू नये' अशी चिठ्ठी लावली. पुलगावच्या मालबाबूपुढे दोनच मार्ग उरतात. पेटी पुढे जाऊ शकत नाही म्हणून ती बाजूला काढावयाची, आणि 'या फाट्यावर अमुक मापापेक्षा मोठी पेटी चालत नाही' असे पत्र व्यापाऱ्यास धाडावयाचे. पत्र पोहोचले तर व्यापारी पुढच्या पेट्या लहान बांधील. परंतु व्यापाऱ्याच्या पेढीवरील दरवानाने 'रेल्वेकडून आलेली पत्रे आत घ्यावयाची नाहीत' असा नियम केला असेल तर? व्यापारी पोच येण्याची वाट पाहील, पोच न आल्याने तेवढीच मोठी पेटी पुन्हा पाठवील, आणि पुलगावात पेट्यांचा ढीग साचेल. या काळात साधे पोस्टकार्ड मात्र आर्वीला बिनदिक्कत पोहोचत राहील, त्यामुळे मार्ग बंद आहे असे कोणालाही वाटणार नाही.

संगणक जाळ्यात हेच घडते. 'फोडू नये' ही चिठ्ठी म्हणजे आयपी शीर्षभागातील डीएफ बिट. मालबाबू म्हणजे राउटर. त्याचे पत्र म्हणजे आयसीएमपी या नियमावलीतील प्रकार ३, संकेत ४ चा संदेश. दरवान म्हणजे अग्निभिंत, जिला व्यवहारात सारेच फायरवॉल म्हणतात.

आठ बाइटांचा प्रश्न

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने 'डेटावन' ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून तालुक्याच्या गावापर्यंत इंटरनेट पोहोचू लागले. २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानात देशभरातील महाविद्यालयांना अशाच ब्रॉडबँडवर आधारित जोडण्या मिळाल्या आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र शासनाने उचलला. या सेवांत ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी पीपीपीओई ही पद्धत वापरली जाते. मोडेममध्ये किंवा संगणकावर नाव व परवलीचा शब्द भरावा लागतो तो याच पद्धतीमुळे. फेब्रुवारी १९९९ च्या आरएफसी २५१६ मध्ये वर्णिलेली ही पद्धत प्रत्येक पॅकेटला स्वतःचे ६ बाइट व आतील पीपीपीचे २ बाइट असे एकूण ८ बाइट जोडते. इथरनेटच्या १५०० मधून ते वजा जातात आणि एमटीयू १४९२ उरतो. तांब्याच्या तारेची जागा ऑप्टिकल फायबरने घेतली तरी ग्राहकाची ओळख पीपीपीओईनेच होत असेल तेथे हे ८ बाइट वजा होतातच.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एकच संगणक असताना मोडेम केवळ पुलासारखा वापरला जाई आणि संगणक स्वतः पीपीपीओईचा संपर्क जोडी. त्यामुळे आपली मर्यादा किती हे संगणकाला ठाऊक असे. विंडोज एक्सपी तर अशा जोडणीवर सावधगिरीने १४८० हाच एमटीयू धरी. पुढे तीच लाईन संपूर्ण प्रयोगशाळेला द्यावयाची म्हणून मोडेम राउटर-पद्धतीत टाकला जातो. आता पीपीपीओई राउटरमध्ये घडते, मागील वीस संगणकांना त्याची वार्ताही नसते आणि ते जगाला आपली एमएसएस १४६० सांगत राहतात. 'पूर्वी एका संगणकावर नीट चालत होते, सर्वांना दिल्यापासून बिघडले' अशी तक्रार येते तेव्हा तिचा अर्थ वेग वाटला गेला एवढाच घेतला जातो. तक्रार करणाऱ्याचे निरीक्षण मात्र अचूक असते.

कृष्णविवर

मार्गातील सर्वांत अरुंद भाग किती हे पाठवणाऱ्या संगणकाने स्वतः शोधून काढावे यासाठी नोव्हेंबर १९९० मध्ये मोगल व डीअरिंग यांनी आरएफसी ११९१ मध्ये मार्ग-एमटीयू शोधाची रीत मांडली. त्यापूर्वी १९८७ मध्ये केंट व मोगल यांनी वाटेत पॅकेटचे तुकडे करणे कसे अपायकारक ठरते हे दाखवले होते. एक तुकडा हरवला तरी सर्व पॅकेट वाया जाते, आणि पोर्ट क्रमांक केवळ पहिल्या तुकड्यात असल्याने उरलेले तुकडे कोणाचे हे वाटेतील अग्निभिंतीला कळत नाही. म्हणून सर्व पॅकेटांवर 'फोडू नये' अशी चिठ्ठी लावावी, मर्यादा आडवी आली की राउटर कळवील आणि मग आकार कमी करावा, असे या रीतीचे स्वरूप आहे. रीत उत्तम आहे, परंतु ती सर्वस्वी त्या परतीच्या पत्रावर विसंबून आहे.

आणि ते पत्रच अडवले जाते. 'पिंग'ला उत्तर देऊ नये म्हणजे संगणक सुरक्षित राहतो अशा समजुतीने अनेक व्यवस्थापक आयसीएमपी सरसकट बंद करतात. प्रकार ३, संकेत ४ चा संदेश हा जाळ्याच्या कामकाजाचाच भाग आहे हे त्यांच्या गावीही नसते. सुरक्षेच्या नावाखाली केलेली ही कदाचित सर्वांत महागडी निष्काळजी आहे, कारण तिचा त्रास ती करणाऱ्याला होत नाही; तो अरुंद मार्गाच्या टोकाशी बसलेल्या, म्हणजे बहुधा लहान गावातल्या वापरकर्त्याला होतो. अशा रीतीने मोठी पॅकेटे निमूटपणे नाहीशी होण्याच्या जागेला कृष्णविवर असे नाव पडले. सप्टेंबर २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये या दोषाची रीतसर नोंद झाली.

दोषाची लक्षणे आता उलगडतात. पत्ता विचारणे, संपर्क जोडणे, परवलीचा शब्द पाठवणे ही पॅकेटे लहान असतात म्हणून ती जातात. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र एका पॅकेटात मावत नाही, त्यामुळे काही पाने कोरीच राहतात. फाईल चढवताना प्रत्येक पॅकेट पूर्ण भरलेले असते, म्हणून तेथे सारे थबकते. यूट्यूब व गूगलची पाने चालण्याचे कारणही यातच आहे. त्यांचा पुष्कळ व्यवहार क्विक या नव्या नियमावलीवरून होतो. मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० द्वारे प्रमाणित झालेली ही नियमावली निदान १२०० बाइटचे पॅकेट मार्गातून जाते एवढेच गृहीत धरते, आणि ब्राउझर आपली पॅकेटे त्या आकड्याच्या आसपासच ठेवतात. ऑनलाईन वर्गातील चित्र व आवाज यांची पॅकेटेही साधारण १२०० बाइटांच्या आत असतात. त्यामुळे वर्ग सुरळीत चालतो आणि वर्गानंतर गृहपाठाची फाईल मात्र चढत नाही. 'गूगल उघडते म्हणजे नेट चालू आहे' ही कसोटी या दोषाच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

गळती आणि आकार यांचा संबंध

वर्ध्याजवळच्या सेगावी गांधीजी राहू लागल्यावर त्यांची टपाल चुकून मुंबई-नागपूर मार्गावरील शेगावला जाऊ लागली. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले आणि घोटाळा मिटला. येथे पत्रे हरवत होती हे खरे, परंतु कोणी पत्रे लहान लिहिण्याचा सल्ला दिला असता तर त्याचा काही उपयोग झाला नसता. पॅकेटच्या बाबतीत हा सल्ला मात्र सर्रास दिला जातो. म्हणून आकड्यांना हात लावण्यापूर्वी गळती आणि आकार यांचा संबंध तपासणे अगत्याचे आहे. तो तीन प्रकारचा आढळतो.

पहिला प्रकार उंबरठ्याचा. एका ठरावीक आकारापर्यंत शंभरपैकी शंभर पॅकेटे जातात आणि त्याहून एक बाइट वाढवताच एकही जात नाही. दिवसाच्या कोणत्याही वेळी हा आकडा तोच राहतो. हा निखळ आकाराचा दोष होय आणि एमटीयूचा फेरबदल हाच त्यावरील योग्य उपाय होय.

दुसरा प्रकार उताराचा. लहान पॅकेटांची गळती थोडी, मध्यम पॅकेटांची अधिक, मोठ्यांची त्याहून अधिक असते. परंतु मोठी पॅकेटेही पुष्कळशी पोहोचतात. हा तारेचा किंवा बिनतारी दुव्याचा दोष आहे. समजा, दर दहा लाख बिटांमागे एक बिट बिघडते. १५०० बाइटच्या पॅकेटात १२,००० बिटे असतात, म्हणून सुमारे १.२ टक्के पॅकेटे बाद होतील. ५७६ बाइटच्या पॅकेटात ४,६०८ बिटे, म्हणजे बाद होण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत येईल. तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँडमध्ये तर पॅकेटची विभागणी ५३ बाइटच्या सेलांमध्ये होते. पूर्ण भरलेल्या पॅकेटला बत्तीसच्या आसपास सेल लागतात आणि त्यांतील एक हरवला तरी पॅकेट फुकट जाते. अशा ठिकाणी एमटीयू कमी केला की सुधारणा झाल्यासारखी वाटते. ही सुधारणा फसवी असते. पावसाळ्यात जोडाच्या डबीत पाणी शिरले आहे, तारेचा सांधा गंजला आहे किंवा खांबावरची तार झाडाला घासते आहे ही खरी बाब तशीच राहते, तक्रार नोंदवली जात नाही, आणि पुढच्या जोराच्या पावसात लाईन पूर्ण बसते. येथे लाईनमनला बोलावणे हाच मार्ग.

तिसरा प्रकार सपाट. लहान-मोठ्या पॅकेटांची गळती जवळपास सारखीच, परंतु सकाळी आठला नाही आणि दुपारी बाराला भरपूर. ही रांगेची गळती होय. राउटरपाशी येणारी पॅकेटे जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाली की रांग भरते आणि उरलेली टाकून दिली जातात. गळती सुरू होण्याआधी उत्तराचा वेळ वाढत जातो ही तिची आणखी एक खूण. येथे 'लाईन स्लो आहे' हे निदान बरोबर असते. पॅकेट लहान केल्याने रांगेतील पॅकेटांची संख्या वाढते आणि परिस्थिती किंचित बिघडतेच.

मोजणीची रीत

ही तपासणी कोणत्याही संगणकावर उपलब्ध असलेल्या 'पिंग' या आज्ञेने होते आणि तिला पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. विंडोजमध्ये या आज्ञेला एफ हा निर्देश दिला की पॅकेटवर 'फोडू नये' अशी चिठ्ठी लागते, आणि एल या निर्देशापुढे मजकुराचा आकार लिहिता येतो. त्या आकारात शीर्षभाग धरलेला नसतो. आयपीचे २० व आयसीएमपीचे ८ असे २८ बाइट मनात मिळवावे लागतात. म्हणून १४७२ चा मजकूर म्हणजे १५०० चे पॅकेट. पीपीपीओईच्या लाईनवर १४७२ अडते आणि १४६४ जाते, कारण १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२. दोहोंच्या दरम्यानचा आकडा निम्म्याने निम्मा करत शोधला की चार-पाच प्रयत्नांत उंबरठा सापडतो.

उत्तर कोणत्या शब्दांत येते इकडे लक्ष द्यावे. पॅकेट फोडणे आवश्यक आहे परंतु तशी मनाई आहे अशा अर्थाचा संदेश आला तर परतीचे पत्र पोहोचते आहे. मार्ग अरुंद आहे, पण कृष्णविवर येथे नाही. केवळ 'वेळ संपली' असे आले आणि त्याच ठिकाणी लहान पॅकेटला उत्तर येत असेल तर पत्र वाटेत अडले आहे. हीच मोजणी प्रथम आपल्या राउटरपर्यंत, नंतर सेवा पुरवणाऱ्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत आणि शेवटी दूरच्या संगणकापर्यंत करावी म्हणजे उंबरठा कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते. प्रत्येक आकाराची निदान शंभर पॅकेटे पाठवावीत. विंडोजची चार पॅकेटांची सवय एक टक्क्याची गळती पकडण्यास अपुरी आहे. या रीतीला एक मर्यादा आहे. ती मुख्यतः जाण्याच्या दिशेची परीक्षा करते. येण्याच्या दिशेतील कृष्णविवर दूरच्या संकेतस्थळाच्या दाराशी असते आणि ते एखादे मोठे पान उघडूनच ध्यानात येते.

उपाययोजना

उंबरठा निश्चित झाल्यावर फेरबदल कोठे करावा हा प्रश्न येतो. प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकाचा एमटीयू बदलणे हे सर्वांत शेवटचे पाऊल असावे. एकतर ते चाळीस ठिकाणी करावे लागते, आणि पुढील वर्षी नवा संगणक आला की ते कोणाच्या लक्षात राहत नाही. योग्य जागा राउटरची आहे. तेथे बाहेरील जोडणीचा एमटीयू १४९२ असल्याची खात्री करावी आणि त्याचबरोबर एमएसएसला चाप लावण्याची सोय सुरू करावी. ही सोय सुरू असली की संपर्क जोडताना संगणकाने सांगितलेली १४६० ही संख्या राउटर वाटेतच खोडून १४५२ करतो. दोन्ही टोकांचे संगणक मग आपणहून लहान पॅकेटे पाठवतात आणि परतीच्या पत्राची गरजच उरत नाही. दुसऱ्याच्या पत्रात राउटरने खाडाखोड करणे तत्त्वतः शिष्टसंमत नाही असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. परंतु दूरच्या अग्निभिंतीवर आपला ताबा नसतो, आणि अर्जाची मुदत तत्त्वचर्चेसाठी थांबत नाही.

ही सोय केवळ टीसीपीपुरती आहे हे मात्र ध्यानी ठेवावे. डीएनएसची मोठी उत्तरे यूडीपीवरून येतात व तुकड्यांत वाटली गेल्यास हरवतात. म्हणून २०२० मध्ये डीएनएस क्षेत्रातील संस्थांनी यूडीपीवरील उत्तर १२३२ बाइटांत बसवण्याची शिफारस केली. सेवा पुरवणाऱ्याची यंत्रणा आणि आपला राउटर दोघेही सप्टेंबर २००६ च्या आरएफसी ४६३८ ला अनुसरत असतील तर पीपीपीओईवरही पूर्ण १५०० मिळू शकतात. तसे असल्यास वरील खटाटोपाची आवश्यकताच नाही.

उपायाचा अतिरेकही सर्वत्र दिसतो. 'एमटीयू ५७६ करा' हा सल्ला डायल-अप मोडेमच्या काळातील आहे. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर १५०० बाइटचे पॅकेट जाण्यास ०.४ सेकंदाहून अधिक काळ लागे आणि तोवर कळफलकावर दाबलेले अक्षर ताटकळत राही. ५७६ वर हा काळ ०.१६ सेकंदावर येई. सल्ला तेव्हा शहाणपणाचा होता. आज २ एमबीची फाईल १४५२ च्या खंडांनी १,४४५ पॅकेटांत जाते, ५७६ च्या मर्यादेने ३,९१३ पॅकेटांत. शीर्षभागाचा भार २.७ टक्क्यांवरून ६.९ टक्क्यांवर जातो. शिवाय १९९७ मध्ये मॅथिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे, गळतीचे प्रमाण तेच असताना टीसीपीचा वेग खंडाच्या आकाराच्या सम प्रमाणात असतो. खंड एक-तृतीयांश केला तर अशा लाईनवर वेगही एक-तृतीयांशाच्या आसपास येतो.

उलट दिशेची चूकही संभवते. प्रयोगशाळेचा सर्व्हर अधिक कार्यक्षम व्हावा म्हणून त्यावर ९००० बाइटची 'जम्बो' पॅकेटे सुरू केली जातात, पण वाटेतील स्विच तेवढी मोठी चौकट पुढे नेत नाही. स्विच हा राउटर नव्हे. तो परतीचे पत्र लिहीत नाही, चौकट निमूटपणे टाकून देतो. एका जाळ्यातील सर्व यंत्रांचा एमटीयू एकच असावा.

बोगदे आणि नवी आवृत्ती

२०२० मधील टाळेबंदीनंतर घरून विद्यापीठाच्या किंवा ग्रंथालयाच्या यंत्रणेत शिरण्यासाठी व्हीपीएनचा वापर वाढला. व्हीपीएन म्हणजे पॅकेटात पॅकेट घालणे. प्रत्येक आवरण आपला वाटा घेते. जीआरई पद्धतीत २४ बाइट जातात, वायरगार्डमध्ये आयपीच्या चौथ्या आवृत्तीवर ६० व सहाव्या आवृत्तीवर ८०, म्हणूनच त्याचा एमटीयू मुळात १४२० ठेवलेला असतो. आता हिंगणघाटला घरी पीपीपीओईच्या लाईनवर बसलेल्या प्राध्यापकाने वायरगार्ड वापरले तर १४९२ मधून ८० वजा जाता १४१२ उरतात, आणि मुळातला १४२० हा आकडा ८ बाइटांनी जास्त ठरतो. मार्ग चौथ्या आवृत्तीचा असेल तर तोच आकडा सहज मावतो. एकच यंत्रणा एका प्राध्यापकाच्या घरी चालते व दुसऱ्याच्या घरी अडते याचे स्पष्टीकरण कित्येकदा एवढेच असते.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत वाटेतील राउटरला पॅकेट फोडण्याची मुभाच नाही. मोबाईल सेवांमुळे ही आवृत्ती भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात आली आहे. तीत प्रत्येक जोडणीने किमान १२८० बाइटचे पॅकेट नेलेच पाहिजे आणि त्याहून मोठ्यासाठी पाठवणाऱ्यानेच मार्ग शोधावा असा दंडक आहे. म्हणजे परतीच्या पत्रावरील अवलंबन पूर्वीपेक्षा अधिक. त्यावर तोड म्हणून मार्च २००७ च्या आरएफसी ४८२१ मध्ये पत्राची वाट न पाहता, पॅकेटची पोच येते की नाही यावरूनच आकार ठरवण्याची रीत मांडली गेली. क्विकसारख्या यूडीपीवरील नियमावल्यांसाठी ती सप्टेंबर २०२० मध्ये आरएफसी ८८९९ ने विस्तारली. लिनक्समध्ये टीसीपीसाठी ही सोय उपलब्ध आहे, परंतु मुळात ती बंद ठेवलेली असते. महाविद्यालयाचे स्वतःचे संकेतस्थळ लिनक्स सर्व्हरवर असेल तर ती सुरू करणे एका ओळीचे काम आहे. त्यामुळे आपल्या संकेतस्थळावरील निकाल किंवा प्रवेश-यादीचे पान आष्टी-कारंजाकडील अरुंद जोडणीवरच्या विद्यार्थ्यापुढेही उघडते.

प्रयोगशाळेतील जडवस्तू-संग्रह नोंदवहीत प्रत्येक यंत्राचा क्रमांक व खरेदीची तारीख लिहिली जाते. राउटरच्या नोंदीपुढे आणखी तीन आकडे लिहून ठेवता येतात : मोजलेला उंबरठा, राउटरवर ठेवलेला एमटीयू आणि एमएसएसची मर्यादा. सेवा पुरवणारा बदलला, मोडेम बदलला किंवा तारेची जागा फायबरने घेतली की ही मोजणी पुन्हा करून जुन्या आकड्यांखाली नवे आकडे तारखेसह लिहावेत. अर्ज भरण्याच्या अखेरच्या आठवड्यात फाईल चढेनाशी झाली तर लिपिकाने प्रथम १४६४ चे पिंग करून पाहावे आणि ते नोंदीशी जुळले नाही तरच पुढच्या तपासाला लागावे.